नमुने ज्यांचे त्यांना

प्रिय ठमे,

कॉन्व्हेंट शाळेत शिवणाच्या तासाला आपण शेवटच्या बाकावर बसायचो. तुझ्या सुईवरचे टाके गळायचे. सिस्टर जवळ आल्या की तू तुझं विणकाम माझ्या मांडीवर सरकवायचीस आणि माझं हातात धरून शाबासकी मिळवायचीस. तेव्हा मला त्याची गंमतच वाटायची. किती गोड दिसायचीस गं!

आपल्या विणकामाच्या ॲपचंही तसंच झालं. बायका त्यात आपापले विणीचे नमुने ठेवतील, कुठल्या ओळीवर थांबलो तेही लक्षात राहील, ही कल्पना दोघींची. बोलणं तुझं, बांधणी माझी. हे सगळं साठवायला कुठल्या कंपनीची डेटाबेस सेवा घ्यायची, यावर माझ्या स्वयंपाकघरात किती भांडलो! तुला फुकटातली हवी होती. तिथे आत गेलेलं बाहेर काढणं महाकठीण. मी हटून बसले. कुणी आपल्या गेलेल्या आईची वीण आठवून आठवून लिहून ठेवणार, ती तिला हवी तेव्हा जशीच्या तशी परत मिळायला नको? शेवटी तू वैतागलीस. घे बाई तुला हवी ती, खातंही तुझ्याच नावावर काढ, पण माझं डोकं खाऊ नकोस, म्हणालीस. मी काढलं. नमुना जिचा तिचाच राहील, हेही ॲपच्या अटींत घातलं. तू न वाचताच मान डोलावलीस.

परवा लोकरीच्या कंपनीच्या समारंभात तू मला पुढे केलंस: ही आमची चष्मिस, टायपिंगला मदत करते हो! सगळे हसले, मीही हसले. मग त्यांच्या साहेबांकडूनच कळलं, तू ॲप त्यांना विकते आहेस, आतल्या सगळ्या नमुन्यांसकट. मंगळवारी सही. त्या बायकांना विचारलं नाहीस. मलाही नाही.

म्हणून हे ईमेलने न पाठवता मुद्दाम टपालात टाकते आहे. तुझ्या हाती पडेल तोवर तुझी सही होऊन गेलेली असेल आणि मी डेटाबेस रिकामा केलेला असेल. प्रत्येक बाईला तिचे नमुने पोचलेले असतील. माझा बाळाच्या स्वेटरचा नमुना तुझ्या सुनेला पाठवते आहे, तिचे दिवस भरत आलेत. ॲपचं नाव आणि ते गुलाबी चित्र कंपनीला खुशाल दे. साहेबांना उत्तर देणं तेवढं तुझ्या वाट्याला ठेवलं आहे. जाताना रक्तदाबाची गोळी घ्यायला विसरू नकोस.

अजूनही तुझीच,
चष्मिस