पऱ्हाटीची काडी

बंगळूर,
१२ मार्च १९९३

तीर्थरूप आबांना सुकदेवचा वाकून नमस्कार.

माझी तब्येत चांगली आहे. इथल्या जेवणाचीही आता सवय झाली. आईच्या गुडघ्याला आराम आहे का?

काम कसं चाललंय, असं तुम्ही विचारलंत. विमानाचे ब्रेक सांभाळणारा प्रोग्राम आम्ही एडा नावाच्या भाषेत लिहितो. ही भाषा फार कटकटीची आहे, आणि त्यासाठीच ती निवडली आहे. एखादा आकडा मर्यादेबाहेर गेला की ती तिथल्या तिथे अडवते. पण या तपासण्यांमुळे प्रोग्राम जरा हळू चालतो, म्हणून साहेब म्हणतात, तपासण्या बंद कर. महिनाभर डोकेफोड करतोय, ऐकतच नाहीत!

काल उलट मलाच म्हणाले, "तुमच्या असोद्याला काडीवर मोटर चालतेच ना?"

लाईट आली की विहिरीवरची मोटर आपोआप सुरू व्हावी, म्हणून तुम्ही कपाशीच्या रानातली पऱ्हाटीची काडी खोचून स्टार्टरचं बटण दाबून ठेवता. हे मीच एकदा चहाच्या वेळी कौतुकाने सांगितलं होतं. तेव्हा सगळे हसले, मीही हसलो. काल मात्र मी फाईल उचलून जागेवर परतलो.

आबा, आपला गडी पुंडलिक पंपाला हात घालायला विहिरीत उतरतो, तेव्हा तरी ती काडी काढता ना? की लाईट एवढ्यात येत नाही, असं धरून चालता?

रागावू नका. काडी फेकून द्या आणि तसं एक कार्ड टाका. ते आलं, तरच साहेबांशी भांडायला मला तोंड राहील.

तुमचा,
सुकदेव