पाणी घेतेस ना?

सांगली,
१७ फेब्रुवारी २०२६

प्रिय पूजाताई,
सप्रेम नमस्कार.

तुम्ही आणि खंडाळ्याची मंडळी खुशाल असाल. तिकडे थंडी अजून असेल, इकडे सांगलीत आत्ताच पंखा लागतो. पलूसला आमच्या घरी सगळे बरे आहेत. पप्पांच्या द्राक्षांना यंदा माल चांगला आहे, त्यामुळे कुरकुर करायला त्यांना आता आईचा स्वयंपाकच तेवढा उरलाय.

मी दीपाली, तुमच्या भावाच्या, ऋषिराजच्या ऑफिसातली. त्याच्या दिवसकार्याला आपण भेटलो होतो. तुम्ही माझ्या हातात चहा दिलात आणि विचारलंत, "तू त्याच्याबरोबर काम करायचीस ना?" मी हो म्हटलं. आता फोनच करणार होते, पण रडू आलं की मी अर्धे शब्द गिळते. म्हणून पत्र.

आधी कामाचं सांगते. तुमच्या माहेरच्या गावच्या पाणी संस्थेसाठी ऋषिराजने फोनची जी सोय करून ठेवली, ती आता मी सांभाळते. ती एका लायब्ररीवर उभी आहे. लायब्ररी म्हणजे पुस्तकांची नव्हे, दुसऱ्यांनी लिहून ठेवलेला तयार कोड. त्यात एजंट असतात. विम्याचे नव्हेत, पण चिकाटी तीच. प्रत्येक शेतकऱ्यामागे एक एजंट. नदीचं पाणी उचललं की ज्याचा नंबर असेल त्याला तो फोन लावतो, ऋषिराजच्या आवाजात विचारतो, "पाणी घेताय ना?" आणि उत्तराची वाट बघतो. एक वाट बघत बसला म्हणून बाकीचे खोळंबत नाहीत, हीच त्यातली खुबी.

आता त्या लायब्ररीची नवी आवृत्ती आलीय, आणि महिनाअखेरीनंतर जुनीवरून फोनच लागणार नाहीत. नवीमध्ये जुना कोड निम्मा मोडतो. घरात नवी सून आल्यावर मिठाचा डबा सापडत नाही, तसं होतं. कितीतरी नावं बदललीत, ती मी शोधून शोधून बदलली. पूर्वी एजंट आपोआप सुरू व्हायचे, आता सांगून सुरू करावे लागतात. तेही केलं. राहिलं एकच. जुन्यात एजंट उत्तरासाठी कितीही दिवस थांबू शकायचा. नव्यात थांबण्याला मुदत द्यावीच लागते, आणि मुदत संपली की तो एजंट संपला.

ती एक ओळ लिहायचं मी लांबवत राहिले. साहेब विचारायचे आणि मी काहीबाही सांगायचे, टेस्ट अडकलीय, नेट गेलंय. मला थापा मारता येत नाहीत असं ऋषिराज म्हणायचा. आता चांगल्या येतात.

खरी गोष्ट अशी की एक एजंट अजून थांबलेला होता.

बाकी सगळे शेतकरी पहिल्या फोनलाच "व्हय" म्हणतात आणि त्यांचा एजंट मोकळा होतो. हा एकटा, ऋषिराज गेल्यानंतर जे पहिलं पाणी आलं, तेव्हापासून उत्तराची वाट बघत होता. फोन कटला की काही वेळाने पुन्हा लावायचा. सर्व्हर बंद करून चालू केला तरी तिथूनच पुढे. नंबर तुमच्या आईंचा. आणि तेवढ्या एका नंबरासाठी ऋषिराजने वेगळं बोलून ठेवलं होतं. फोन रोज उचलला जायचा, पलीकडून कुणी बोलायचं नाही.

मला तो इथूनच बंद करता आला असता. उलट मी रोज सकाळी ऑफिसात आले की आधी तो एजंट बघायचे. त्याच्यापुढे 'थांबला आहे' असं दिसलं की बरं वाटायचं, आणि मग दिवसभर भीती वाटायची. कशाची ते सांगता येत नाही.

शेवटी परवाच्या रविवारी तुमच्या गावी गेले. उंब्रजला तुमचा चुलतभाऊ वीरधवल गाडी घेऊन आला होता. मी फोनचं विचारलं तर म्हणाला, "काकू फोन उचलत्यात, कानाला लावत्यात, आन् ठेवून देत्यात. पाणी मीच सोडतो त्यांचं. मोटरीला हात लावू देत न्हाई मी त्यास्नी."

आई सोप्यात बसल्या होत्या. मी नाव सांगायला तोंड उघडलं तर म्हणाल्या, "ठावं हाय. पलूसची. बस." ऊन अजून अंगणात होतं, तरी त्यांनी लगेच ताट वाढलं. "कांदा-लसूण घातलं न्हाई बग. दिवस मावळायच्या आत जेवून घे. तुमा जैनांत रातचं चालत न्हाई, ऋषी म्हनला हुता."

ताई, त्या चहाच्या वेळी मी तुम्हाला अर्धंच उत्तर दिलं होतं. आम्ही लग्न करणार होतो. त्या सुट्टीला तो घरी हेच सांगायला आला होता. सांगितलं की राहून गेलं, हे मला कुणाला विचारायची सोय नव्हती. त्या ताटावर बसून मला ते कळलं.

जेवताना मी त्यांना समजावायला लागले, की आई, तो आवाज भरून ठेवलेला आहे, फोन मशीन करतं. त्यांनी मला मधेच तोडलं.

"मला येडी समजतीस व्हय गं? त्यो गेला, ठावं हाय मला. साऱ्या गावाला ठावं हाय. त्या मशीनला तेवढं ठावं न्हाई."

"मग व्हय का म्हणत नाही तुम्ही?"

"त्या पहाटं म्हनले की. फोन आला, मी व्हय म्हनले आन् ह्याला हलवलं. ऊठ रं, पाणी आलंय. सुट्टीला आल्यालं पोरगं, डोळं चोळत मोटर चालू कराय गेलं." मोटरीच्या पेटीला करंट उतरला होता, ते तुम्हाला मी काय सांगायचं. "आता पुन्ना व्हय म्हनले तर त्यो पुन्ना जाईल. म्हनून गप बसते. पूजा बी तेच म्हनली, तू उठवलं नसतंस तर. तवापास्नं आली न्हाई ती."

तुम्हाला बोल लावत नाही. एसटीत बसून जाताना मीही मनात तेच म्हणत होते.

तेवढ्यात फोन वाजला. आईंनी तो स्पीकरवर टाकून दोघींच्या मधे धरला. त्या आवाजाच्या फाइलवर मी इतके दिवस काम केलं, पण ऐकायचं धाडस एकदाही झालं नव्हतं.

"आई, आपलं पाणी आलंय. घेतेस ना?"

इतका जवळून. घास माझ्या तोंडात तसाच राहिला. आई फोनकडे बघत होत्या, आणि मला वाटलं आता ठेवतील. पण त्या बोलल्या.

"न्हाई. न्हाई घेत. दुसऱ्याला जाऊ दे पाणी. तू जाऊ नगंस."

नकारही एक उत्तर असतं, ताई. कोडमध्ये त्याची सोय आहे. पण उसाच्या गावात पाण्याला नको कोण म्हणतं? त्यापुढचं ऋषिराजचं वाक्य कुणी कधी ऐकलंच नव्हतं.

"बरं आई. झोप मग निवांत."

आणि फोन कट झाला. आईंनी पदराने तोंड पुसलं. म्हणाल्या, "आता निजंल त्यो."

सोमवारी ऑफिसात बघितलं, तर थांबलेलं कुणीच नव्हतं. मी मुदतीची ओळ लिहिली आणि नवी आवृत्ती चालू केली. आज सगळ्यांना फोन गेले. मी डेस्कवर डोकं ठेवून रडले. साहेबांना वाटलं, काम संपल्याचा आनंद झाला.

वीरधवल सांगत होता, काकू अजून फोन मांडीवर घेऊन बसतात. त्यांचं पाणी त्याच्या नंबरावर लावून घेतलंय, म्हणजे तो फोन आता वाजणार नाही. ताई, तुम्ही लावा.

तुमच्या घरात येता येता राहिलेली,
दीपाली