दवाखान्याच्या गेटवर घंटाभर

यवतमाळ, मे २०२१

तीर्थरूप मायले, कांचनचा नमस्कार.

मी बरी आहो. आपल्या गावात रेंज नाही म्हणून लिहून राह्यली. अँबुलन्सवाले फिरोजभाऊ उद्या झरीकडं येतीन, त्यांच्यासंग चिठ्ठी पाठवते. इथं जेवण दोन्ही टाइम भेटते. तुह्या पायाची सूज उतरली का?

काल आम्ही कंत्राटी नर्सा दवाखान्याच्या गेटवर घंटाभर उभ्या होतो. काम सारखं आहे, तर पगारही कायमवाल्या नर्सांसारखा द्या, एवढंच मागणं होतं. टीव्हीवाल्यानं माह्यापुढं माइक धरला. म्हणे, "ताई, लोक मरत असताना पैसे मागणं शोभतं का?"

मले राग आला नाही. आजकाल काहीच येत नाही, माय. मी म्हटलं, "आमच्या वार्डातली शगुफ्ता मागच्या महिन्यात याच बिमारीनं गेली. तिची अम्मी मदतीचा अर्ज घेऊन आली, तर दवाखान्याचे साहेब म्हणे, कंत्राटवालीले काही भेटत नाही. बिमारीनं तर तिले इचारलं नाही, तू कायम आहेस का कंत्राटी."

टीव्हीवाला पुढच्या माणसाकडं गेला. साहेबानं 'वर कळवतो' म्हटलं आणि आम्ही किट चढवून वार्डात परतलो.

शगुफ्ताच्या मातीले मले जाता आलं नाही, ड्युटी होती. रडूही आलं नाही. तू घोर करू नको. बाहेर निघतानी तोंडाले पदर बांधत जाजो.

सरपंचाच्या टीव्हीवर मी दिसली असीन. कोणी म्हटलं, तुही पोरगी पैशासाठी उभी होती, तर लाजू नको. हो म्हणजो.

तुही लेक,
कांचन