चीजच्या कोंबडीवर तांबडा रस्सा

कोल्हापूर,
सोमवार, १२ डिसेंबर २००५

आदरणीय आण्णांना,
अक्षताचा सप्रेम जयभीम.

आईचा गुडघा कसा आहे? मी मजेत आहे, वजन दोन किलोनं वाढलंय. तेव्हा हॉटेलात राबून पोरगी वाळली, असं आईनं आता गल्लीत सांगत फिरू नये. तुम्ही उत्तर लिहीत नाही हे चार वर्षांत मला पाठ झालंय. पण माझी पत्रं तुम्ही तिला मोठ्यानं वाचून दाखवता, हे ती परवा फोनवर बोलून गेली. म्हणून आज ऐसपैस लिहायला बसलेय. घसा खाकरून घ्या.

शनिवारी आमच्या हॉटेलात मोठं जेवण झालं. कसबा बावड्याचे कृष्णात पाटील उन्हाळ्यात इटलीला फिरून आले. तिथं त्यांनी एक कोंबडी खाल्ली. हाड काढलेला तुकडा, ब्रेडचा चुरा लावून तळलेला, वर टोमॅटोची दाट चटणी आणि वितळलेलं चीज. बरोबर वाईन. आल्यापासून माणूस दुसरं काही बोलेना. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला साठ पावण्यांना तेच घालायचं, वाईनसकट, असा त्यांनी आमच्या मालकांकडे हट्टच धरला.

मालक धैर्यशीलराव मला म्हणाले, "कोंबडी तुला येतीय. वाईन पण तूच निवड. जमलं तर एक तारखेपासून किचन तुझ्या हातात."

मी म्हटलं, "साहेब, मी पीत नाही. मी पंचशील पाळते."

"मग वास घे की," म्हणाले आणि निघून गेले. आण्णा, लगेच कपाळाला आठी घालू नका. पुढं वाचा.

नाशिकचा विक्रेता नमुन्याच्या पाच बाटल्या ठेवून गेला. किचनमध्ये वाईनमधलं कळणारा एक माणूस नाही. आमचे तंदूरवाले गुंडूमामा पाचही चाखून म्हणाले, "सगळीच आंबलीत की गं." झालं त्यांचं. मग मला तुमच्या शाळेतली प्रयोगशाळा आठवली. नळीत नाक खुपसायचं नाही, लांब धरायची, हातानं वारा नाकाकडं ओढायचा, आणि जे कळलं ते लगेच वहीत लिहायचं. मी तसंच केलं. तुमची बी.एस्सी. झालेली मुलगी, जी बी.एड. न करता हॉटेलात गेली, ती स्टोअररूममध्ये पाच ग्लासांसमोर हात हलवत उभी होती. पोरं दारात जमून हसत होती.

एका पांढरीला हिरव्या मिरचीच्या देठाचा वास. दुसरी पांढरी गोडसर, पिकल्या पेरूसारखी. एक तांबडी इतकी जड की वासानंच जीभ आखडल्यासारखी झाली. मग मी विचार केला की मटणावर आपण लिंबू का पिळतो? तुपकटपणा कापायला. चीजलाही आंबटच पाहिजे. वर टोमॅटो स्वतः आंबट, म्हणजे त्याच्यापेक्षा वाईन कमी आंबट असली तर ती पाण्यासारखी लागणार. गुंडूमामांना एक घास, एक घोट, असं बसवून विचारत गेले. जड तांबडीला त्यांनी "कच्चं केळं" म्हटलं. गोड पांढरीला "चीजवर कशाला साखर?" म्हटलं. झिनफांडेल नावाची हलकी तांबडी दिली तेव्हा ताटली पुसून संपवली. तीच ठरली.

शनिवारी साठ ताटं गेली, ग्लास गेले, सगळं कसं छान चाललं होतं. तेवढ्यात पाटलांचे चुलते हॉलमधून ओरडले, "कोंबडी झ्याक हाय, पण रस्सा कुठाय?"

आता हे कोल्हापूर. गुंडूमामांनी स्टाफसाठी पातेलंभर तांबडा रस्सा केलेला, तो त्यांनी मला न विचारता पाठवून दिला. आण्णा, साठच्या साठ माणसांनी तो चीजवर ओतला. उठसूट इटलीचं नाव घेणाऱ्या कृष्णातरावांनीसुद्धा. वर तांबड्या वाईनचा घोट घेतला आणि तोंडाची आग झाली. एकेक जण ग्लास लांब सारायला लागला. धैर्यशीलराव दारात येऊन बाजूला सारलेले ग्लास मोजायला लागले.

त्या वेळी मी काय केलं, ते लिहायचं टाळत मी तीन पानं भरली. आता लिहिते. तिखटावर जिभेला काय होतं ते नाकाला कळत नाही. गुंडूमामांना विचारायला वेळ नव्हता. मी चमचाभर रस्सा तोंडात घेतला आणि त्यावर ती गोडसर पांढरी, गार केलेली, एक घोट. तोंडात घोळवली आणि बेसिनमध्ये थुंकली. चूळ भरली. आग विझली होती. त्या पांढरीची दोन खोकी विक्रेत्यानं खपतील या आशेनं आमच्याकडं टाकलेली होती. मी सांगितलं, तांबडी उचला, पांढरी न्या.

पंधरा मिनिटांनी हॉलमध्ये असा गोंधळ, की बोलायची सोय नाही. पाटीलकाकू जन्मात पहिल्यांदा अर्धा ग्लास प्याल्या आणि नवऱ्याला भर पंगतीत नावानं हाक मारली. चुलते मला बोलावून म्हणाले, "पोरी, त्या इटलीवाल्यांना कळीव, त्यांचा रस्सा ऱ्हायलाय म्हणावं." मी इतकी हसले की डोळ्यांत पाणी आलं. एक तारखेपासून किचन माझं आहे, आण्णा. अकरा माणसं माझ्या हाताखाली.

आणि तरी कालपासून एकच प्रश्न डोक्यात आहे. घशाखाली थेंब गेला नाही, पण जिभेवर घेतली हे खरं. शील मोडलं का? हे मला दुसऱ्या कुणाला विचारायचं नाही. तुम्ही मोडलं म्हणालात तर मी मानेन, पण नोकरी सोडणार नाही. हे आधीच सांगते.

माझ्या हातचं एकदा जेवून जा. एवढंच मागते.

तुमची, रागावलात तरी तुमचीच,
अक्षता

---

कुरुंदवाड,
१५ डिसेंबर २००५

चि. अक्षता,
जयभीम व आशीर्वाद.

पत्र पोहोचले. आईला वाचून दाखवताना बेसिनचा भाग गाळावा असे वाटले, पण गाळला नाही. ती म्हणाली, "थुकली न्हवं? मग झालं." गुडघा ठीक आहे.

मला विचारशील तर, नशा करण्यासाठी तू प्यायली नाहीस. कामाची परीक्षा केलीस आणि लपवले नाहीस. माझ्या मते शील शाबूत आहे. मी मात्र चार वर्षे खोटे वागलो. हॉटेलात दारू असते, एवढे निमित्त करून तुला उत्तर लिहिले नाही.

तुझी आज्जी तानूबाई लोकांच्या लग्नात मांडवामागे बसून खरकटी भांडी घासायची. तिला जेवण लांबून ओंजळीत टाकायचे. मी सात वर्षांचा होतो, तिच्याशेजारी बसून राख लावून द्यायचो. त्या भांड्यांपासून लांब जाण्यासाठी मी मास्तर झालो. तू हॉटेलात निघालीस तेव्हा मला तीच भांडी दिसली. तू दिसली नाहीस. ही माझी चूक. विद्यार्थ्याने केली असती तर मी त्याला उभे केले असते.

हे तुझ्या आईलाही आज पहिल्यांदा सांगितले.

रविवारी, १८ तारखेला, साडेनऊच्या एस.टी.ने आम्ही दोघे येतो. ती चीजची कोंबडी खाऊ. रस्सा असेल तर उत्तम. वाईन नको, पाणी चालेल.

एक अट आहे. वाढायला दुसऱ्या कुणाला तरी सांग. तू स्वतःचे ताट घेऊन आमच्या टेबलाशी, माझ्यासमोर बसायचे, आणि सगळ्यांच्या देखत जेवायचे.

चार वर्षे उशिरा,
तुझा आण्णा