झाकणावरचे नाव

प्रिय दादा,

तुला पत्र लिहिण्याची माझी ही पहिलीच वेळ. एकाच अंगणात राहणाऱ्या भावांनी एकमेकांना पत्रे कशाला लिहावीत? परंतु उद्या सकाळी अकरा वाजता एक अहवाल हाती येणार आहे. तो येण्यापूर्वी एक गोष्ट तुझ्या कानावर घालणे मला आवश्यक वाटते. खरे तर ती सर्वांआधी तुलाच कळायला हवी होती, आणि तीही सहा वर्षांपूर्वी.

तुला समाजमंदिरातले ते मधुमेहाचे शिबिर आठवते का? रुग्णालयाची डॉक्टर मंडळी आली होती. मधुमेह मूत्रपिंडापर्यंत कसा पोहोचतो याचा ते अभ्यास करत होते. रक्त तिथेच काढले. सकाळची पहिली लघवी मात्र घरून आणायची होती, म्हणून आदल्या दिवशी आपल्याला दोन सारख्याच बाटल्या आणि नावाच्या दोन चिठ्ठ्या दिल्या होत्या. नर्सबाईंनी स्पष्ट सांगितले होते, "चिठ्ठी बाटलीच्या अंगावर लावा."

मी त्या सूचनेत सुधारणा केली. बाटली ओली होईल, चिठ्ठी सुटेल, अक्षर फुटेल, असा विचार करून मी दोन्ही चिठ्ठ्या झाकणांवर लावल्या. झाकण सपाट असते आणि कोरडे राहते. माझे अक्षर तिथे कसे ठसठशीत उमटले होते! तू म्हणालासही, "वसंता, मुताच्या बाटलीवर लग्नपत्रिकेसारखं अक्षर काडलंस की रं!"

दादा, मी तीस वर्षे उरण रस्त्यावरच्या कंटेनर यार्डात कागदपत्रे तपासतो. कंटेनरचा क्रमांक दारावर असतो, तसाच तो छतावर आणि चारी अंगांवरही असतो, कारण दार उघडते, अंग उघडत नाही. एक आकडा चुकला तर मी गाडी फाटकावर थांबवतो. जे उघडते, फक्त त्यावर ओळख ठेवू नये, हे मी नव्या मुलांना शिकवतो. आणि घरी, माझ्या सख्ख्या भावाच्या बाबतीत मी काय केले?

ती सकाळ आता मला रोज दिसते. मी झाकणे आतून पुन्हा पुसून, अंगणातल्या बाकावर स्वच्छ फडक्यावर ठेवली होती. माझी भरलेली बाटली मी न्हाणीच्या खिडकीत ठेवून बाहेर आलो. मग तू आत गेलास आणि तुझी बाटली तिच्या शेजारी ठेवलीस. मी बाहेरून, अंगणातून, झाकणे घेऊन खिडकीशी आलो.

"दादा, तुझी कुठली?"

"उजवीकडची. आन् लवकर लाव, नायतर तुज्या वहिनीला वास येईल!"

आतून वहिनीने तुला काय सुनावले ते इथे लिहीत नाही. आपण तिघेही हसलो. हसत हसतच मी उजवीकडच्या बाटलीवर तुझ्या नावाचे झाकण घट्ट बसवले आणि डावीकडच्या बाटलीवर माझे.

माझ्या उजवीकडच्या, दादा! तू आत होतास आणि मी बाहेर.

आठ दिवसांनी अहवाल आले. तुझा निर्दोष होता. माझ्या अहवालात लघवीतले प्रथिन मर्यादेपेक्षा थोडे अधिक होते. मला डॉक्टरांनी समोर बसवून समजावले. मीठ कमी करा, साखर आणि रक्तदाब काटेकोर सांभाळा, रोज ही एक गोळी घ्या, वेदनाशामक गोळ्यांना हात लावू नका. मी अक्षरशः सारे पाळले. तीन महिन्यांनी फेरतपासणी झाली. प्रथिन मर्यादेत आले होते. मला वाटले, ही माझ्या शिस्तीची किमया! मी ते किती जणांना ऐकवले असेल?

आणि तू? तुझा अहवाल तू प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून टेम्पोच्या काचेखाली ठेवलास. टेम्पोचा क्लच दाबून तुझा गुडघा दुखायचा, त्यावर तू रोज गोळी घ्यायचास. ताटात सुके बोंबील आणि वर मीठ. मी एकदा बोललो, तर म्हणालास, "माजा कागद साफ हाय. तुजा फाटका हाय, तू अळणी खा. आमी नाय खानार."

मी तुला दटावायला हवे होते ना? पण मी काय म्हणालो ते तुला आठवते? मी म्हणालो, "खरे आहे, तुझा अहवाल निर्दोष आहे." मी तुला कागदाचा आधार दिला. वर्षाने फेरतपासणीचे बोलावणे आले, तेव्हा तू गेला नाहीस आणि मीही आग्रह धरला नाही. निर्दोष अहवालावर मी आयुष्यात कधी शंका घेतली होती?

तिसऱ्या वर्षी तू मला अंगणात थांबवून, वहिनी ऐकत नाही ना हे पाहून विचारलेस, "वसंता, लगवीला फेस येतो रं. साबनाचं पानी ऱ्हात असेल काय?" संध्याकाळी पाय सुजायचे. चप्पल काढलीस तरी पट्ट्याची खाच पायावर तशीच राहायची. मग डायलिसिस. आठवड्यातून तीन वेळा, दोन वर्षे. तू खिडकीकडे तोंड करून पडायचास. नर्स आली की विनोद करायचास, आणि ती गेली की गप्प.

गेल्या वर्षी तू गेलास. तुझ्या तेराव्याला लोक विचारत होते, असे कसे झाले? मी पंगतीत सर्वांसमक्ष म्हणालो, "आम्हा दोघांनाही मधुमेह. मी पथ्य पाळले, दादाने पाळले नाही." वाक्य नेटके होते. वहिनीने मान खाली घातली. वाढायला उभी असलेली तुझी लेक सारिका माझ्याकडे बघत राहिली. मला क्षमा करू शकशील का? थांब, अजून सांगायचे संपलेले नाही.

गेल्या महिन्यात त्या अभ्यासातल्या डॉक्टरीणबाईंचा फोन आला. आपल्या नमुन्यांचा काही भाग त्यांनी गोठवून ठेवला होता. आता त्यांनी त्यातील प्रथिनांचे यंत्रावर विश्लेषण केले. मी पनवेलला जाऊन त्यांना भेटलो. त्या म्हणाल्या, "मूत्रपिंडाची चाळणी एका दिवसात फाटत नाही. नेहमीच्या तपासणीत पुरेसे दिसण्याआधीच लघवीतल्या प्रथिनांचे आणि त्यांच्या बारीक तुकड्यांचे मिश्रण बदलू लागते. आम्ही ते मिश्रण वाचतो. तुमच्या नावाच्या बाटलीत आजार स्पष्ट दिसतो. तो वेगाने वाढणारा दिसतो."

मी माझे नंतरचे सारे अहवाल तारखेनुसार लावून नेले होते. ते त्यांच्यापुढे ठेवले. त्या म्हणाल्या, "म्हणूनच बोलावलं. एक प्रथिन असं असतं की त्याचा प्रकार जन्मतः ठरतो आणि आयुष्यभर बदलत नाही. रक्तात जो प्रकार, तोच लघवीत. तुमच्या नावाच्या लघवीतला प्रकार तुमच्या रक्ताशी जुळत नाही."

"मग कोणाशी जुळतो?" मी विचारले. विचारतानाच मला खिडकी दिसली.

"तुमच्या भावाच्या. आणि त्यांच्या बाटलीतला तुमच्याशी. झाकणं कोणी लावली होती?"

दादा, तुला मिळायचा इशारा मी घेतला. तुझी गोळी मी खाल्ली, तुझे पथ्य मी पाळले, आणि माझा निर्दोष कागद तुझ्या टेम्पोत फिरत राहिला. बाई समजुतीच्या स्वरात म्हणाल्या, वेळेवर कळते तरी काय झाले असते हे ठामपणे सांगता येत नाही. खरे असेल. पण तुला ठरवण्याची संधी तरी मिळाली असती! मी निघालो तेव्हा त्यांनी विचारले, "त्यांच्या मुलांपैकी कोणाला मधुमेह आहे का? असेल तर थांबू नका."

सारिकाला आहे. दुसऱ्या बाळंतपणापासून. पळस्प्याच्या तिच्या शिवणाच्या दुकानात वहिनीने तिला किती वेळा विनवले, लघवी तपासून घे. तिचे एकच उत्तर असायचे, "बाबांचा रिपोर्ट साफ होता. काय झालं त्या साफ रिपोर्टचं? मला नाय करायची तपासणी." तिचे तर्कशास्त्र अचूक होते. पुरावा खोटा होता, आणि तो मी पुरवला होता.

सांगायला हवे होते, लगेच, त्याच दिवशी. मी अकरा दिवस गप्प राहिलो. का? तेराव्याचे ते वाक्य परत घ्यावे लागेल म्हणून. एवढेच कारण, दादा, याहून मोठे कारण माझ्यापाशी नाही.

बाराव्या दिवशी मी तिच्या दुकानात गेलो. ती अनवाणी मशीन चालवत होती, चपला शेजारी काढलेल्या. तिच्या पायावर पट्ट्याची खाच होती. खोल. मी बोलत राहिलो, पाहत राहिलो. बऱ्याच वेळानेही ती भरली नाही.

मग मी सारे सांगितले. चिठ्ठी, झाकण, खिडकी, उजवी बाजू. मशीन थांबले.

"म्हणजे बाबांना म्हाईतच नव्हतं?"

"नाही."

"आणि तेराव्याला तुम्ही बोललात, पथ्य पाळलं नाय म्हणून. आई अजून तेच बोलते, काका. मेलेल्या माणसाला रोज बोल लावते. फोटोपुढं दिवा लावते आणि बोल लावते."

तिने हातातल्या ब्लाऊजचा धागा दाताने तोडला आणि म्हणाली, "बाटली आणलीय?"

आणली होती. चिठ्ठी तिने माझ्या हातून काढून घेतली. स्वतःचे नाव स्वतः लिहिले, बाटलीच्या अंगावर चिकटवले आणि वरून अंगठा दाबून धरला. "सकाळी मीच भरणार, झाकण मीच लावणार, मीच नेऊन देणार. तुम्ही खिडकीपाशी उभं ऱ्हायचं नाय." बोलताना ती हसली. अगदी तुझ्यासारखी, दादा, नर्स आल्यावर हसायचास तशी. मला ते हसू सहन झाले नाही.

तो अहवाल उद्या येतो. त्या खाचेवरून निष्कर्ष काढू नका, पाय अनेक कारणांनी सुजतात, असे बाईंनी मला बजावले आहे. मी काढत नाही. पण त्या दिवसापासून घरात कोणी चप्पल काढली की माझे लक्ष पायांकडे जाते.

पत्र इथे संपवतो, कारण ऊन उतरले आहे आणि मला अंगण ओलांडून वहिनीकडे जायचे आहे. सारिकाने ते काम माझ्यावर सोपवले आहे. मी वचन देतो, आज वहिनीने दिवा लावण्यापूर्वी मी तिला सांगेन की तुझ्याकडे योग्य कागद कधी आलाच नव्हता. वर्षश्राद्धाला त्याच लोकांसमोर उभा राहून तेराव्याचे माझे वाक्य मी शब्दशः परत घेईन. आणि उद्या अकरा वाजता सारिकाच्या अहवालात काहीही असो, तो ती उघडेल आणि मी तिच्याच बाजूला उभा असेन. समोर नव्हे. तिची उजवी बाजू तीच माझी उजवी.

तुझाच धाकटा,
वसंता