बाबांच्या झाडाचं बाक

पादोवा, १४ नोव्हेंबर

चि. नोरिना हिस,
ताईचे अ. उ. आ.

तुझं पत्र आल्यापासून घास गोड लागत नाही. एका संध्याकाळच्या वाऱ्यात अख्खं रान आडवं झालं. पुरानंतर बाबांनी गावावरच्या त्या उतारावर झाडं लावली, तेव्हा आपण तिघं त्यांच्या मागे होतो. बोर्तोलो खड्डा करायचा, मी रोप धरायची, आणि तू एप्रनमधली रोपं सांडत यायचीस.

तुझे अतिलिओ पडलेली खोडं उचलू देत नाहीत, खुंटही छातीइतके उंच ठेवतात, म्हणून गाव हसतं असं लिहिलंस. जंगलखात्याचे इंजिनीअर ते, काही विचार असेल. पण माझं एक मागणं आहे. त्यातल्या एका झाडाचं बाक बोर्तोलोकडून त्याच्या सुतारखान्यात करून घे. शेगडीशेजारी ठेवीन. इतक्या खोडांतलं एक काढलं तर काय डोंगर खाली येणार आहे?

लोभ आहेच, तो तू आणि बोर्तोलो न भांडता वाटून घ्या.

तुझी,
एर्सिलिया


वालमोरा, २ डिसेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या बाकाने घरात दुसरं वादळ आणलं. यांनी साफ नाही म्हटलं. खोडं उतारावर आडवी पडलीत, ती बर्फ धरून ठेवतात. नवी रोपं मोठी होईपर्यंत पंधरा-वीस वर्षं हीच राखण करणार. खाली घरं आहेत, म्हणून प्रत्येक खोडावर यांनी लाल खूण केली आहे. आपला बोर्तोलोदादा म्हणाला, जावईबापू, मेलेल्या झाडांनाही नोकरीवर ठेवता का? हे म्हणाले, हो, आणि ती तुझ्यापेक्षा कमी बोलतात.

दादा ऐकतोय थोडाच. ताईने जन्मात पहिल्यांदा काही मागितलंय, एवढंच त्याचं पालुपद. काल हे दुसऱ्या खोऱ्यात गेले असताना त्याने साखळी लावून ट्रॅक्टरने खोड ओढलं. त्याच्या आधाराने पडलेली आणखी सहा घसरली, तीही त्याने आणली. यांनी रात्री मक्याचा पोलेंटा बिनमिठाचा तसाच खाल्ला. मी साखळी लावताना पाहिलं होतं, ताई. अडवलं नाही. तुझ्यासाठी होतं ना.

गुडघे जप, आणि आमच्यावर रागावायचं झालं तर थोडंच.

तुझी,
नोरिना


वालमोरा, १९ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फोनवर मला बोलता आलं नाही. चार दिवस बर्फ पडत होतं. मंगळवारी सकाळी ते उतारावरून सुटलं आणि दादाच्या सुतारखान्यावर आलं. दादा आत होता. यांनी हातमोजे फाटेपर्यंत उकरलं. दुपारी तो सापडला. चेहरा शांत होता.

अशा बर्फात तो तिथे काय करत होता, असं तू विचारलंस. घसरगाडीची पट्टी तुटली होती, ती दुरुस्त करत होता.

शुक्रवारी त्याला आईबाबांजवळ ठेवलं. रस्ता बंद आहे, येऊ नकोस. मन घट्ट कर, आणि मला विसरू नकोस.

तुझी,
नोरिना


पादोवा, ३ मार्च

चि. नोरिना हिस,
ताईचे अ. उ. आ.

काल बोर्तोलोचं पत्र आलं. सोमवारी लिहिलेलं, रस्ता बंद म्हणून अडकलेलं. विचारतो, ताई, पाठ अजून दुखते का, बाकाची टेक किती उंच ठेवू? उद्या सकाळी बसून संपवतो. घसरगाडीचं त्यात काही नाही.

शाळेत माझी दौत फुटली, तेव्हा तू सिस्टर चेलेस्तिनांना सांगितलंस की ती तूच फोडलीस, आणि तासभर गुडघ्यांवर बसलीस. खोटं तुला तेव्हाही जमलं नव्हतं. बर्फ उतारावर नेमकं कुठून सुटलं तेही तू लिहिलं नाहीस. लिहू नकोस. मला ठाऊक आहे.

अतिलिओंना माझा नमस्कार सांग, आणि त्यांच्याकडे एवढं माग. बाक बर्फातून काढा आणि जसं अर्धं आहे तसं वर न्या. जिथलं खोड होतं तिथे आडवं ठेवा. त्याच्यावरही लाल खूण करा.

सगळी झाडं एका जातीची, एका वयाची, म्हणून एकदम पडली असं अतिलिओ म्हणतात ना? मे महिन्यात मी येते. या वेळी चार जातींची रोपं लावू. बाकाच्या खालच्या अंगाला मी रोप धरीन. तू एप्रनमध्ये आण. सांडलीस तरी चालेल. खड्ड्याचं मात्र अतिलिओंना सांगावं लागेल.

टेक किती उंच हवी, ते त्याला कळवायचं राहिलं.

लोभ आहे तेवढाच आहे. वाटून घ्यायला आता दोघीच उरलो.

तुझी,
एर्सिलिया