तिसऱ्यांदा विचारलेला प्रश्न

आप्पा,

आज माझ्या ओपीडीत धारजवळच्या तिरल्याची एक म्हातारी आली होती. लेक टोंकखुर्दला दिलेली, तिच्याकडे राहायला आली आणि ताप भरला म्हणून लेकीनं देवासला दाखवायला आणली. बाहेरच्या पाटीवर माझं आडनाव वाचलं असावं, कारण मी नाडी बघायला हात धरला तर तिनंच माझा हात धरून ठेवला. "तम बड़ा डाक्टर साब की छोरी हो कंई?" मी हो म्हटलं. मग तुमचं कौतुक सुरू झालं. ते मला नवीन नाही. तुम्हाला जाऊन सहा वर्षं झाली तरी धारची माणसं मला तुमच्यावरूनच ओळखतात. पण उठता उठता ती म्हणाली, "धार में अबी जो बेठे हे, वी बी असोज पूछे. जाणे बड़ा साब ज बेठा होय." म्हणजे आता तिथं बसणारा डॉक्टरही अगदी तुमच्यासारखंच विचारतो, जणू तुम्हीच बसलेले. त्यानंतरचे पेशंट मी कसे तपासले ते विचारू नका. मी त्याच्यावर नुसती जळत होते. या वयात, एवढ्या डिग्र्या घेऊन, जळत होते.

तुमचं ते विचारणं मी लहानपणापासून पाहत आले आहे. शनिवारी शाळा लवकर सुटायची आणि मी दप्तर घेऊन थेट धारच्या इस्पितळात, तुमच्या खोलीतल्या कोपऱ्यातल्या बाकावर येऊन बसायची. समोर पेशंट बसतो. तुमच्या पेनाचं टोपण लावलेलं असतं. तो आपलं दुखणं सांगतो, तुम्ही मान डोलावता आणि माळवीत विचारता, "और कंई?" तो आणखी काही सांगतो. तुम्ही पुन्हा तेच विचारता. मग तिसऱ्यांदा. चक्कर येते म्हणून आलेली बाई तिसऱ्यांदा विचारल्यावर खाली बघत सांगते, की चार महिने अंगावरून जातंय आणि घरी कुणाला बोललेली नाही. तेव्हा कुठे पेन उघडायचं. तुम्ही त्यांच्याशी हसायचा, त्यांच्या म्हशींची चौकशी करायचा. तेच तुम्ही घरी आलात की चपलांबरोबर माळवीही दाराबाहेर काढून ठेवायचा. घरात शुद्ध मराठी, आणि तीही मोजकीच. मी गणितात पहिली आल्याचं सांगायची. तुम्ही "बरं" म्हणायचा. मी पुढं बोलायला तोंड उघडून उभी, आणि तुम्ही वर्तमानपत्र उलगडलेलं. मला त्या चक्कर येणाऱ्या बाईचा राग यायचा, आप्पा. तिला तीन वेळा विचारलंत. मला एकदाही नाही.

मी डॉक्टर झाले ती सेवेबिवेसाठी नाही, हे तुम्ही ओळखलं असेल. टेबलाच्या तुमच्या बाजूला यायचं होतं. इंदूरला एमबीबीएस, तिथंच मेडिसिनमध्ये एमडी, मग देवासचं हे हॉस्पिटल, आणि आता विभागाची प्रमुख. निदानात मी तुमच्यापेक्षा सरस आहे, हे मी आजही म्हणेन. तुम्ही एकदाच माझी ओपीडी बघायला आलात. तासभर मागच्या खुर्चीत बसलात आणि चहा पिताना म्हणालात, "तू आधीच पेन उघडून बसतेस. समोरच्याला वाटतं, बाई चलान फाडणार." मी म्हटलं, आप्पा, बाहेर शंभर माणसं उभी आहेत. तुम्ही म्हणालात, "बरं."

मग आई गेली आणि तुम्ही माझ्याकडे देवासला राहायला आलात. वजन उतरत होतं. मी साखर तपासली, थायरॉइड तपासलं, छातीचा एक्स-रे काढला. जेवणाच्या टेबलावर रोज विचारायची, भूक लागते का, झोप लागते का, पोट साफ होतं का. तुम्ही लागते, लागते, होतं, असं ओळीनं सांगायचात. समोर ताटात तुम्ही पोळी दुधात कुस्करून खात होतात. जन्मात कधी दूधपोळी न खाणारा माणूस. मी रोज बघत होते आणि मनात म्हणत होते, म्हातारपणी चवी बदलतात.

अशक्तपणा फारच वाढला तेव्हा तुम्हाला माझ्याच वॉर्डात ठेवलं. तिथं माझा ज्युनियर राउंडला आला, तो धामनोदचा, ज्यानं इंटर्नशिप धारला तुमच्या हाताखाली केली होती. मी पडद्याच्या या बाजूला दुसऱ्या पेशंटची फाइल बघत होते. त्यानं स्टूल ओढलं, आणि तुमचाच प्रश्न तुम्हाला विचारला, "और कंई, सर?" तुम्ही हसलात. कंबर दुखते म्हणालात. त्यानं पुन्हा विचारलं. पुन्हा. आणि तुम्ही त्याला सांगितलंत, "पोळी इथं अडकते रे. चार महिने झाले." दुर्बिणीतून बघितलं तेव्हा अन्ननलिकेतली गाठ इतकी वाढली होती की करण्यासारखं फार उरलं नव्हतं. सगळे त्याला शाबासकी देत होते. मीही दिली.

दुसऱ्या दिवशी मी त्याची ड्यूटी बदलली. खालच्या मजल्यावर. अधिकार माझाच होता, कुणी कारण विचारलं नाही. तुम्ही मात्र सकाळीच विचारलंत, "तो आला नाही?" मी सांगितलं, रजेवर गेलाय, त्याची आई आजारी आहे. कुठून सुचलं कोण जाणे. मला वाटलं, आता तुम्ही मला सांगाल. मी स्टूल ओढून बसायची, पेन खिशात ठेवायची. "आणखी काय, आप्पा?" आणि तुम्ही रोज माझ्याकडे बघून विचारायचात, "त्याच्या आईचं कसं आहे?" तिसऱ्या दिवशी म्हणालात, तिला इथंच आणायला सांग, तू स्वतः बघ, कुणावर सोडू नकोस. शेवटी आवाज पार बसला तेव्हाही तुम्ही भुवया उंचावून तेच विचारत होतात, आणि मी म्हणत होते, बरी आहे, उतार आहे. तो खाली रोज मला जिन्यात गाठायचा, पाच मिनिटं वर येऊ का मॅडम, म्हणून. सर झोपलेत, असं मी सांगायची.

तेराव्याला तो आईला घेऊन आला. ठणठणीत बाई. आमचे तीन जिने न थांबता चढून आली आणि स्वयंपाकघरात येऊन माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

आता तो धारला तुमच्याच खोलीत बसतो. हे खरं तर त्याला लिहायला हवं, पत्ताही पाठ आहे. पण तो वाचेल, आणि लगेच माफ करेल, आणि तेही मला सहन होणार नाही. म्हणून तुम्हाला लिहिते आहे आणि टपालात टाकणार नाही. मला पश्चात्ताप होतो, असं इथं लिहायला हवं. होतोही. पण तुमच्याशी खोटं बोलून झालंय तेवढं पुरे. तुम्ही उद्या परत त्या खाटेवर असलात आणि तो स्टूल ओढून बसला, तर मी पुन्हा त्याची ड्यूटी बदलेन.